पापुद्रा सुटला का, ते आधी बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तीन आठवड्यांत सी अर्चिनच्या, म्हणजे त्या काटेरी गोल समुद्री प्राण्याच्या, अंड्यांच्या सहा तुकड्या फुकट गेल्या, आणि 'हा प्राणी शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांचा, आता त्यात काय उरलंय' असं वाटायला लागलंय म्हणतेस. त्याकडे नंतर येते. आधी बीकरमधलं बघू.

नराला पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन दिलं की पाठीवरच्या पाच छिद्रांतून वीर्य येतं, ते तू लगेच पाण्यात कालवतेस ना? मला तीच शंका आहे. ते कोरडंच उचलायचं आणि बर्फावर ठेवायचं. कोरडं म्हणजे समुद्राच्या पाण्याचा थेंबही न लागलेलं. वृषणात कार्बन डायऑक्साइड भरपूर, त्यामुळे शुक्राणूच्या आत आम्लता जास्त असते आणि शेपटीतलं डायनीन हे मोटर-प्रथिन गप्प बसून राहतं. पाण्यात पडल्या पडल्या आम्लता उतरते, डायनीन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळायला लागतं आणि शेपटी सुटते. बाहेरून खायला काही मिळत नाही. शिदोरी म्हणजे स्वतःचीच चरबी, फॉस्फोलिपिड. ती जाळणारं मायटोकॉन्ड्रियन डोक्याच्या बुडाशी, म्हणून तिथली ऊर्जा शेपटीच्या टोकापर्यंत क्रिएटिन फॉस्फेटच्या हस्ते पोचवावी लागते. सकाळी कालवलेलं वीर्य दुपारी वापरलंस तर दमलेल्या पोहणाऱ्यांकडून शर्यतीची अपेक्षा करतेस. कालवायचं ते वापरायच्या क्षणी.

दुसऱ्या आणि पाचव्या तुकडीत पहिल्याच विभाजनात एकदम चार पेशी दिसल्या, असं लिहिलंयस. हा रोग उलटा आहे. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले. थिओडोर बोवेरी या जर्मन जीवशास्त्रज्ञाने 1902 मध्ये अशाच बिघडलेल्या अंड्यांवरून दाखवलं की प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असतं, तेव्हा लाजू नकोस. पण कारण शोध. पहिला शुक्राणू चिकटताच अंड्याच्या पटलावरचा विद्युतदाब उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपासून काही क्षणांत शून्याच्या वर जातो आणि मागच्यांना दार बंद होतं. ते दार सोडियमवर चालतं. समुद्राचं पाणी मीठ तोलून तूच बनवतेस का? सोडियम कमी पडलं तर दार नीट लागत नाही. आधी वीर्य आणखी पातळ करून बघ, मग तराजू तपास.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तुझ्या कृतीच्या कागदावर फलनाआधी अमिनोट्रायझोल घालायचं आहे. का, हे विचारलंस का कोणाला? की कागदावर आहे म्हणून घालतेस?

1908 मध्ये ओटो वारबुर्ग हा पंचविशीतला मुलगा नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात अर्चिनची अंडी घेऊन बसला होता. पाण्यातला ऑक्सिजन किती कमी होतो ते मोजत होता. फलन झालं की अंड्याचा ऑक्सिजनचा खप सहापटीपर्यंत वाढतो, हे त्याला सापडलं. अर्थ उघडच वाटावा असा: वाढ सुरू झाली, ऊर्जा लागली, श्वास वाढला. पुढे कर्करोगाच्या पेशींकडे वळला तेव्हा तिथेही असाच जास्तीचा श्वास मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. मिळालं भलतंच, ऑक्सिजन असूनही साखर आंबवणं, पण ती गोष्ट तुला माहीत आहे.

अंड्याच्या बाबतीत मात्र तो उघड अर्थ बराचसा चुकीचा निघाला. 1978 मध्ये सिएटलच्या फोर्डर, क्लेबानॉफ आणि शपायरो या तिघांनी दाखवलं की त्या जास्तीच्या ऑक्सिजनपैकी सुमारे दोन तृतीयांश ऑक्सिजनचं अंडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. जखमेवर ओतल्यावर फेसाळतं तेच. अंड्याच्या कडेच्या कणिकांमधून सुटलेलं एक पेरॉक्सिडेज विकर त्याच्या जोरावर, फलनानंतर अंड्यावरून सुटणाऱ्या पापुद्र्यातल्या प्रथिनांची टायरोसिनं (प्रथिनाच्या साखळीतले एका जातीचे दुवे) एकमेकांना जोडतं, आणि मऊ पापुद्रा चामड्यासारखा घट्ट होतो. म्हणजे वारबुर्गने मोजलेला श्वास पुष्कळसा श्वास नव्हताच, दाराला कुलूप घालायचा खर्च होता. स्वतःच्याच पेरॉक्साइडने अंडं जळू नये म्हणून आत ओव्होथायॉल नावाचं गंधकयुक्त रेणूंचं कोठार आधीच भरलेलं असतं, हे आणखी काही वर्षांनी कळलं. मला तर तेच जास्त आवडतं.

त्या तिघांतला क्लेबानॉफ रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काम करणारा. जंतू मारताना त्या पेशीही असाच ऑक्सिजन गिळून पेरॉक्साइड बनवतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाबरोबर चहा प्यावा तो यासाठी.

अमिनोट्रायझोल त्या पेरॉक्सिडेजचा हात धरून ठेवतं, म्हणून पापुद्रा मऊ राहतो आणि नंतर जाळीतून गाळून काढता येतो. फलनानंतर घातलंस तर उपयोग नाही, काही मिनिटांत कुलूप लागलेलं असतं. तुझी चौथी तुकडी, ज्यात जाळीवर अंडी फुटली, ती याच उशिराने गेली असावी.

वारबुर्गचा आकडा मात्र अजून उभा आहे. अर्थ बदलला, मोजणी टिकली. म्हणून तुझी वही मला हवी आहे, निष्कर्ष नकोत. त्यात तापमान नाही, वेळ 'थोड्या वेळाने' अशी आहे, आणि तिसऱ्या तुकडीत 'बहुतेक सगळी अंडी ठीक' असं लिहिलंयस. बहुतेक म्हणजे किती? आमच्याकडे शंभरात किमान पंच्याण्णव अंड्यांचा पापुद्रा सुटला नाही तर ती तुकडी ओतून द्यायचो, बाकीचा प्रयोग त्या दिवशी नाहीच.

मी तुझ्या वयाची असताना एकदा सगळी अंडी मी शुक्राणू घालायच्या आधीच फलित झालेली निघाली. दोन दिवस प्राण्यांना दोष देत होते. पिपेट एकच वापरली होती, वीर्याची आणि अंड्यांची. तेव्हापासून माझ्या अंड्यांच्या पिपेटवर लाल दोरा असायचा.

उद्या फक्त एवढंच कर. ताजी अंडी, कोरडं वीर्य, अमिनोट्रायझोल नाही. स्लाइडवर थेंब, हातात घड्याळ. कढईत पुरी फुगताना वरचा पापुद्रा सुटतो तसा एका बाजूने सुटायला लागेल आणि अर्ध्या मिनिटात सगळ्या अंड्याभोवती फिरेल. कॅल्शियमची लाट आतून जाते, तिच्या मागोमाग हा. किती सेकंदांनी सुरू झाला, कुठल्या बाजूने, शंभरात कितींचा सुटला आणि पाणी किती अंशांवर होतं, ते लिहून पाठव. पुढचं मग बोलू.

तुझ्या
बाई