ट्यूब कोण आणतं?

ताई,
मी फोंड्याला राहते, वय २६. भयकथा लिहिते. यंदा एका दिवाळी अंकाला कथा पाठवलीय. तीत एक आई तरुण राहण्यासाठी रोज रात्री झोपलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरचं तेज काढून घेते. आईने ती वाचली आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. खरं तर तिचंच वेड कथेत उतरलंय. दोन वर्षं ती वांगावरचं मलम लावते (महिन्याला २० ग्रॅमच्या दोन ट्यूब लागतात, कामावरून येताना मीच फार्मसीतून आणते). तासन् तास आरशासमोर असते. यंदा माटोळीच्या (चवथीला गणपतीवर टांगायच्या फळांच्या) बाजारालाही आली नाही. संपादक म्हणतात, आईची सावत्र आई करा, घरचा वाद मिटेल. करू का?

बाय,

सावत्र आईचं आधी उरकते. करू नकोस. ग्रिम बंधूंनी हेच केलं होतं. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या रूपावर जळणारी, तिच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली, आणि तेव्हापासून गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आया निर्धास्त आहेत. भयकथेचे दात पाडायचे असतील तर संपादकांचं जरूर ऐक.

आता तुझ्या कंसाकडे येऊ. अख्खं पत्र आईच्या वेडाबद्दल, आणि ट्यूब तू आणतेस हे तेवढं कंसात!

हिशेब कर. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम मलम येतं. चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं, म्हणजे सव्वा ग्रॅम. तुझ्या दोन ट्यूब बरोबर ३२ रात्री पुरतात. आईची एकही रात्र चुकत नाही.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाच. वांगाच्या मलमात बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन हे त्रिकूट असतं. त्यातलं तिसरं स्टिरॉइड. डॉक्टर हे मलम काही आठवड्यांपुरतं देतात आणि थांबवतात. वर्षभर चोपडलं की कातडी पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या लाल रेघोट्यांसारख्या वर दिसतात, गालावर लव वाढते, पुरळ उठतं. ऊन सोसत नाही, चुलीची धगसुद्धा नाही. हायड्रोक्विनोन फार काळ चाललं तर वांग राहिलं बाजूला, निळसर काळे डाग पडू शकतात. आणि बंद करायला जावं तर काही दिवसांतच चेहरा लालबुंद, नुसती आगआग. पुन्हा लावलं की शांत. बाईला वाटतं, बघा, मलमच गुणाचं! आरशासमोर ती तासन् तास काय बघत असेल, याचा अंदाज आता तुला यावा.

चवथीच्या तोंडावर फोंड्यातली बाई माटोळीच्या बाजाराला जात नाही, हे तुला खटकलं कसं नाही? ऊन तरी सोसत नसेल, नाहीतर ओळखीच्या बायकांचं "चेहऱ्याला काय झालं गो?" तू विचारलं नाहीस. कथेसाठी मात्र टिपून ठेवलंस.

हे मलम चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा कायदा आहे. देणारा चुकतोच. पण काउंटरवर हात तू पुढे करतेस.

तेव्हा याच आठवड्यात रजा टाक आणि आईला बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग ओपीडीत घेऊन जा. पिशवीत रिकामी ट्यूब, जुनी चिठ्ठी असेल तर ती, आणि एका कागदावर किती महिने, रोज किती, हे लिहून ने. ती नाही म्हणेल. तेव्हा सांग, "ट्यूब मी आणत होते, डॉक्टरांना मीच दाखवणार, तू नुसती चल." डॉक्टरांना भेटेपर्यंत मनानेच एकदम बंद करायला लावू नकोस. ते कसं उतरवायचं, आग शमवायला काय लावायचं, हे तेच ठरवतील. घरात लिंबू-बेसन, पार्लरमध्ये ब्लीच-फेशियल, सगळं बंद. साधं पाणी आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरे.

पुढचं आत्ताच ऐकून ठेव. मलम सुटल्यावर पहिले काही आठवडे चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल. सावरायला महिने लागतात. मधेच कधीतरी ती म्हणेल, "एकच ट्यूब आण गो, लग्नाला जायचंय." आणायची नाही. रडली तरी नाही.

राहिली कथा. तुझी नायिका फारच सोवळी आहे. बिचारी झोपते आणि लुटली जाते. भीती त्यात नाही गं. आईच्या हातात ती वस्तू रोज नेऊन कोण देतं, ते लिही, आणि आई सख्खीच ठेव. संपादकांकडे मुदत माग. नाही दिली तर कथा पुढच्या वर्षी छापून येईल. गोमेकॉचा केस पेपर मात्र याच आठवड्यात निघाला पाहिजे.