‘डुक्कर फियाट’ म्हणजे नक्की कोणती?

प्रश्न असा: जुनी माणसं ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती कोणती गाडी? टॅक्सीवाली पद्मिनी का? आणि हे नाव हेटाळणीचं आहे का?

पद्मिनी नव्हे, तिच्या आधीची. मुंबईत कुर्ल्याला वालचंद समूहाच्या प्रीमियर कारखान्यात १९५०च्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. मूळ इटालियन नाव ‘मिलेचेंतो’, म्हणजे अकराशे. इंजिन १०८९ सीसीचं. गोलसर बॉनेट पुढे निमुळतं होत खाली उतरलेलं, मधोमध छोटी जाळी. समोरून पाहिलं की डुकराचं तोंडच आठवावं. पुढचे दरवाजेही उलटे उघडायचे.

१९६४ साली याच फियाट ११००ची नवी तऱ्हा, ‘डिलाइट’, आली. तिचा चेहरा चापट, जाळी रुंद, मागे छोटे पंख. माझ्या मते ‘डुक्कर’ या विशेषणाची खरी गरज इथून पुढे पडली, कारण रस्त्यावर आता दोन तऱ्हेच्या फियाट होत्या. डिलाइटचीच पुढे १९७३ला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ला राणी पद्मिनीच्या नावावरून ‘पद्मिनी’. बोलण्यात मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

आता व्याकरण. ‘डुक्कर फियाट’ हा सरळ उपमान-पूर्वपद कर्मधारय, म्हणजे ज्याची उपमा दिली तो शब्द आधी येणारा समास, ‘कमलनयन’च्या जातीचा. म्हणून डुक्कर शब्दाचं सामान्यरूप होत नाही: ‘डुक्कर फियाटमधून गेलो’, ‘डुकराच्या फियाटमधून’ नव्हे. साम्य केवळ नाकापुरतं, डुकराच्या बाकी गुणांशी देणंघेणं नाही. सहा आसनी ‘डुक्कर रिक्षा’ हा शब्दही असाच घडलेला. मराठी माणूस वाहनाला नाव देताना आधी त्याचं तोंड बघतो, असं मला वाटतं. आणि ही गाडी जपून ठेवलेले हौशी मालक तिला कौतुकानं ‘डुक्कर’च म्हणतात, त्यामुळे हेटाळणीची शंका मनातून काढून टाका.

लिहिताना एवढं सांभाळा: मुंबईची ती ओळखीची काळी-पिवळी टॅक्सी, जिच्यातली शेवटची नोंदलेली गाडी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, ती पद्मिनी. तिला फियाट म्हणा, पद्मिनी म्हणा. डुक्कर फियाट म्हटलंत तर जाणकार लगेच अडवतील.