१ जीबीपीएसची लाइन असूनही रेप्लिकेशन संथ का चालते?
मुंबई आणि चेन्नई येथील दोन डेटा डोमेन यंत्रांमधील (बॅकअप साठवणाऱ्या यंत्रांमधील) रेप्लिकेशन, म्हणजे एका यंत्रावरील डेटाची प्रत दुसऱ्यावर पाठवणे, १३ एमबीपीएसच्या (सेकंदाला १३ मेगाबिटच्या) वर जात नाही, असे आपण लिहिले आहे. दोष बहुधा लाइनचा नसून टीसीपी विंडोचा, म्हणजे पोच मिळण्याआधी एका जोडणीवर पाठवता येणाऱ्या डेटाच्या मर्यादेचा असावा. पिंगचा वेळ (जाऊन परत येण्याचा वेळ) ४० मिलिसेकंद असेल, तर ६४ केबीच्या विंडोतून एका जोडणीवर सेकंदाला जेमतेम १.६ एमबी (मेगाबाइट) डेटा, म्हणजे तेच १३ एमबीपीएस, जातो, आणि ही लाइन भरायची तर सुमारे ५ एमबी सतत वाटेत असावे लागतात. म्हणून दोन्ही टोकांच्या यंत्रांवर रेप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये बँडविड्थ आणि विलंब यांची प्रत्यक्ष मोजलेली मूल्ये द्यावीत. त्याआधी थ्रॉटलचे (मुद्दाम घातलेल्या वेगमर्यादेचे) वेळापत्रक मात्र जरूर पाहावे, कारण दिवसापुरती घातलेली मर्यादा रात्रीही तशीच राहिलेली मी पाहिली आहे. कमी बँडविड्थसाठीचे ऑप्टिमायझेशन (संथ लाइनवर कमी डेटा पाठवावा लागावा म्हणून असलेली सोय) इतक्या वेगवान लाइनवर बंदच ठेवावे. ते प्रोसेसर खाते आणि वेग उलट घटवते.