सात महिन्यांच्या बाळाशी काय बोलायचं?

प्रश्न : मुलगी ७ महिन्यांची. घरी मराठी, शेजारी हिंदी. ती गोंधळेल का? आणि कळत नसताना बोलायचं तरी काय? – एक आई, इंदूर

उत्तर : अगं, विषय कशाला लागतो! मी नातवाला समोर बसवून पोहे वाफवायचे : “बघ, आता शेव. आता जीरावन मसाला. तुला नाही हं, तिखट आहे!” तो “बाबाबा” म्हणाला की थांबायचे, ऐकून घ्यायचे, मग उत्तर द्यायचे. हे थांबणंच मोलाचं. टीव्ही कुणासाठी थांबत नाही, तो बंदच बरा. दोन भाषा बाळं सहज पेलतात. पहिला शब्द ‘पानी’ निघाला तर रुसू नकोस. मात्र आवाजाकडे वळत नसेल तर लगेच कान तपासून घे.