खाऱ्या हवेतला महागडा लॅपटॉप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आंब्याचा हंगाम आटोपून हिशेब हाती आले की लॅपटॉपविषयीच्या पत्रांचा ओघ वाढतो आणि दरवर्षी तेच दोन-तीन गैरसमज नव्या हस्ताक्षरात समोर येतात. यंदाची बहुतेक पत्रे लाख-दीड लाख रुपयांच्या, कंपन्या ज्यांना ‘बिझनेस’ श्रेणी म्हणतात त्या लॅपटॉपविषयी आहेत. ज्यांनी ‘कोणता घेऊ?’ एवढेच विचारले आहे त्यांनी आपले काम कोणते, घर समुद्रापासून किती अंतरावर आहे आणि सेवा केंद्र कोणत्या गावी आहे, हे कळवल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.

आंब्याचा व्यापार आहे. बिले, एक्सेल, बँक आणि व्हिडिओ कॉल एवढेच काम असते. ‘अल्ट्रा ७’ प्रोसेसरपेक्षा कमी घेऊ नका, असे दुकानदार सांगतो. — एक बागायतदार, देवगड

इंटेलचा ‘अल्ट्रा ५’, म्हणजे त्याच मालिकेतला एक पायरी खालचा प्रोसेसर, पुरेसा आहे. उरलेल्या पैशांत वॉरंटीची मुदत वाढवून घ्यावी.

मी आर्किटेक्ट आहे. ‘आत्ता १६ जीबी रॅमचा घ्या, पुढे हवी तेवढी वाढवता येते’, असे विक्रेता म्हणाला. हे खरे आहे का? — सावंतवाडी

हे मॉडेलवर अवलंबून आहे, आणि विक्रेत्याच्या बोलण्यावर तर अजिबात विसंबू नये. आजच्या पातळ बिझनेस लॅपटॉपपैकी अनेकांची रॅम मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, कायमची सोल्डर केलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच बसवलेली असून १६ किंवा ३२ जीबी एवढेच पर्याय आहेत. खरेदीच्या दिवशी जी घेतली तीच शेवटपर्यंत. काही मॉडेलांत निम्मी रॅम सोल्डर केलेली आणि एक जागा मोकळी असते. ‘स्लॉट आहे की’ असे जे दुकानात ऐकू येते, तो पुष्कळदा एसएसडीचा, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कचा, स्लॉट निघतो.

माहितीपत्रकात ‘सोडिम’ हा शब्द असेल तर रॅम बदलता येते. ‘सोल्डर्ड’, ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘एलपीडीडीआर५एक्स’ असे असेल तर ती बदलता येत नाही, असे धरून चालावे. एलपीकॅम२ नावाचा काढता येणारा नवा प्रकार २०२४ पासून मोजक्या मॉडेलांत आला आहे, पण तो अपवाद समजावा. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरील दुरुस्ती-पुस्तिका उघडली की दहा मिनिटांत निकाल लागतो. त्रिमिती रेखाटने करणार असाल तर ३२ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. आपल्या सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराकडून शिफारशींची यादीही आधी मागवावी.

तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी होती, ‘पुढील कामकाजाच्या दिवशी सेवा’ असे छापले होते. मदरबोर्ड गेल्याला अकरा दिवस झाले, इंजिनीअरचा पत्ता नाही. — हॉटेल व्यावसायिक, गुहागर

आपला संताप रास्त आहे. मात्र छापलेले वाक्य आपण अर्धेच वाचलेत. ‘पुढील कामकाजाचा दिवस’ हा तक्रार नोंदवल्यापासून मोजला जात नाही. दूरध्वनीवरून बिघाडाचे निदान पूर्ण झाल्यावर आणि सुटा भाग उपलब्ध असल्यास मोजला जातो, आणि बारीक अक्षरांत ‘दुर्गम ठिकाणी अधिक वेळ लागू शकतो’ अशी पळवाट ठेवलेली असते. मुंबई-पुण्याच्या दृष्टीने गुहागरच नव्हे, तर दापोली, देवगड, वेंगुर्ले हे सारेच दुर्गम. विकताना हे कोणी सांगत नाही, कारण विकणाऱ्याला तो इंजिनीअर कुठून निघणार आहे हे ठाऊकच नसते.

पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या, दुकानाच्या नव्हे, सेवा विभागाला आपला पिनकोड ई-मेलने कळवून दोन गोष्टी लेखी मागवाव्यात: या पिनकोडला घरी येऊन सेवा मिळते का, आणि सुटा भाग पोहोचायला साधारण किती दिवस लागतात. उत्तर गुळमुळीत आले तर तो लॅपटॉप घेऊ नये, मग त्याचा कीबोर्ड कितीही सुंदर असो. आपल्या तक्रारीचा क्रमांक घेऊन आता वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी पाठपुरावा करावा.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज आपली डिस्क उघडण्यासाठी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजमधल्या एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की मागण्याची दाट शक्यता असते. आपण एन्क्रिप्शन चालू केल्याचे आठवत नसले तरी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या नव्या लॅपटॉपवर ते बहुधा आपोआप चालू झालेले असते. इंजिनीअर यायच्या आधी त्या खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून ठेवावी.

तारकर्लीला समुद्रापासून दोनशे मीटरवर होमस्टे आहे. आधीचे दोन्ही लॅपटॉप दोन-दोन पावसाळ्यांत संपले. आता ‘मिलिटरी ग्रेड’ घेतला तर टिकेल का? पावसाळ्यात पर्यटक नसल्याने लॅपटॉप नीट कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवतो. — मालवण तालुका

‘मिलिटरी ग्रेड’ हे शब्द वाचले की माझा संयम सुटतो, म्हणून हे उत्तर लांबणार आहे. कंपन्या या शब्दांसाठी ज्याचा आधार घेतात ते मिल-एसटीडी-८१०एच हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१९ मध्ये काढलेले मानक म्हणजे चाचण्यांच्या पद्धतींचा संग्रह आहे. लॅपटॉपला ‘उत्तीर्ण’ ठरवून प्रमाणपत्र देणारी कोणतीही सरकारी यंत्रणा त्यामागे उभी नाही. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि किती कडक घ्यायच्या, हे बनवणारी कंपनीच ठरवते. उंचावरून पाडणे, हादरे, धूळ, दमटपणा अशा चाचण्यांबरोबर त्यात ५०९ क्रमांकाची खाऱ्या फवाऱ्याची चाचणीही आहे. जाहिरातीत अमुक इतक्या चाचण्या झाल्याचे लिहिलेले असते, तेव्हा विचारायचे ते एवढेच की त्यांत ५०९ आहे का. असली तरी ती चाचणी काही दिवसांत संपते. आपल्याकडची हवा वर्षानुवर्षे थांबत नाही.

आता खरा शत्रू पाहू. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन आपसूक विरघळते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत जे होते तेच. किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने हवा बहुतेक वेळ या मर्यादेच्या वर असते आणि इतर ऋतूंतही पुष्कळदा रात्री-पहाटे ती ओलांडते. लॅपटॉपचा पंखा जी हवा आत ओढतो तिच्यातले मिठाचे सूक्ष्म कण मदरबोर्डवर बसतात आणि त्यांच्याभोवती डोळ्यांना न दिसणारा खाऱ्या पाण्याचा थर धरतो. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असल्याने बोर्डाच्या काही भागांत विद्युतदाब कायम असतो. त्या ओल्या थरातून धातूचे कण सरकतात, दोन जवळच्या वाटा एकमेकींना जोडल्या जातात आणि एके दिवशी बटण दाबले तरी काहीच होत नाही. उघडून पाहिले की हिरवट भुकटी दिसते. दुरुस्तीच्या दुकानात याला ‘बोर्ड गेला’ एवढेच म्हणतात.

यावरून आपल्या लक्षात येईल की कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवणे हा लॅपटॉप मारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. कापूस ओल धरतो, कपाटाची भिंत ओल धरते, आणि चालू लॅपटॉपला स्वतःच्या उष्णतेने आतली हवा कोरडी ठेवण्याची जी सोय असते ती बंद लॅपटॉपला नसते. माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत रोज वापरलेल्यांपेक्षा जपून ठेवलेलीच अधिक कुजलेली असतात. पावसाळ्यात रोज तासभर तरी लॅपटॉप चालवावा. ते शक्यच नसेल तर बॅटरी निम्म्यावर आणून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरपूर सिलिका जेलसह ठेवावा, दर महिन्याला बाहेर काढून पाहावा आणि रंग बदललेले जेल मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावे. समुद्राकडच्या खिडकीखाली टेबल मांडू नये.

दुसरी चूक एसीची. एसीमुळे खोलीत हवा कोरडी राहते हे खरे, पण बावीस अंशांवर गार झालेला लॅपटॉप तडक पडवीत आणून उघडला की बाहेरच्या हवेतले दव त्यावर, आणि आतही, धरते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसाच हा घाम असतो. बाहेर आणल्यावर अर्धा तास बॅगेतच बंद ठेवून मग उघडावा.

मॅग्नेशियम मिश्रधातूची बॉडी मजबूत असली तरी तिच्यावरचा लेप खरवडला गेला की खाऱ्या हवेत ती लवकर खराब होते, तेव्हा ओरखडे उघडे ठेवू नयेत. गंज निघावा म्हणून पोर्टात तेलकट फवारे मारण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो तेथेच सोडून द्यावा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा जाणत्या तंत्रज्ञाकडून लॅपटॉप उघडून साफ करून घ्यावा. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी कंपनीला विचारावे. गंज हा साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, हेही करारात वाचून घ्यावे.

नव्या धातूच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो, ‘सगळ्यांनाच येतात.’ — डॉक्टर, खेड

दुकानदार अर्धा बरोबर आहे. दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये अर्थिंग नसल्याने त्यातल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अत्यल्प प्रवाह लॅपटॉपच्या अंगावर येतो. तो जाणवतो, पण ॲडॉप्टर अस्सल असेल तर सहसा घातक नसतो. आपला ॲडॉप्टर तीन पिनांचा असूनही झिणझिण्या येत असतील तर दोष लॅपटॉपचा नसून इमारतीच्या अर्थिंगचा असण्याची शक्यता अधिक, आणि तोच गीझरला व फ्रिजलाही लागू आहे. जांभ्या कातळात चांगले अर्थिंग मिळणे मुळात कठीण, त्यात मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो. परवानाधारक वायरमनकडून ते उपकरणाने मोजून घ्यावे. दवाखान्यात रुग्णाला जोडलेले कोणतेही यंत्र याच लॅपटॉपला जोडत असाल, तर त्या यंत्राच्या पुरवठादाराच्या इंजिनीअरने तपासेपर्यंत ते चार्जिंग चालू ठेवून वापरू नये.

हवी तशी जुळणी करून लॅपटॉपची ऑर्डर दिली. सात आठवडे झाले, तारीख तीनदा पुढे गेली. ३१ मार्चपूर्वी मिळाला नाही तर करसवलत जाईल ना? — सल्लागार अभियंता, चिपळूण

करसवलतीच्या भीतीपोटी घाईने दुसराच लॅपटॉप उचलू नये. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. म्हणजे मार्चअखेरीस घेऊन हाती येणारी वजावट मुळातच अर्धी आहे. बिलावर आपला जीएसटी क्रमांक आहे ना, एवढे पाहून बाकीचे आपल्या सनदी लेखापालांना विचारावे.

विलंबाविषयी: ऑर्डरनुसार जुळवलेला लॅपटॉप आणि गोदामातला ठरलेल्या जुळणीचा लॅपटॉप, यांचे नाव एकच असले तरी पुरवठ्याच्या वाटा वेगळ्या असतात. कंपनीला नवी तारीख किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक, मुदत घालून, लेखी मागावे. धंद्यासाठीची खरेदी ग्राहक संरक्षण कायद्यात नेहमीच बसत नाही. स्वयंरोजगाराचा अपवाद आपल्याला लागू होतो का, हे वकिलाकडून समजून घ्यावे.

कंपनीतून निघालेला पाच वर्षे जुना, मूळचा महागडा लॅपटॉप तीस हजारांत मिळतो आहे. घ्यावा का? — शिक्षक, राजापूर

घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच वायफाय जोडून विंडोज पूर्ण रिसेट करून पाहावे. जुन्या कंपनीच्या नियंत्रणातून तो सुटलेला नसेल तर त्याच वेळी त्या कंपनीचे लॉगिन मागितले जाईल. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रणालीला, पासवर्ड नाही याचीही खात्री करावी, कारण तो विसरलेला पासवर्ड काढणे बहुतेक वेळा मदरबोर्ड बदलण्याइतके महाग पडते. विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीची सुरक्षा अद्यतने मिळणे बंद झाले आहे, तेव्हा विंडोज ११ अधिकृतपणे चालते याची, म्हणजे इंटेल असल्यास किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा असल्याची, खात्री करावी. पोर्टात डोकावून हिरवट डाग दिसला तर तेथूनच परत फिरावे.

ओटीवर बसून काम करतो. स्क्रीन चकचकीत घ्यावी की मॅट? — अलिबाग

मॅट, आणि उजेड किमान ४०० निट्सचा (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप).

लॅपटॉपवर चहा सांडला तर तो तांदळात पुरून ठेवावा, हे कितपत खरे आहे? — गृहिणी, रत्नागिरी

उकडे तांदूळ पेजेसाठीच ठेवावेत. चार्जर काढावा, बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा, पालथा घालावा आणि ‘चालतो का’ हे पाहण्याचा मोह आवरावा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर जे लॅपटॉप चालू न करता तसेच ओले आणले गेले त्यांतले काही धुऊन-सुकवून वाचले. उन्हात वाळवून चालू करून पाहिलेल्यांतला एकही मला वाचवता आला नाही. चहात साखर असते, म्हणून तो पाण्यापेक्षा वाईट. त्याच दिवशी तंत्रज्ञाकडे न्यावा; सोमवारची वाट पाहू नये.