इंजिनला रंग मारायचा की चमकवायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लग्नसराई चालू आहे आणि आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आलीये, त्यामुळे ह्यावेळी आलेल्या प्रश्नांत अर्ध्याहून जास्त इंजिन चकाचक करण्याबद्दलचेच निघाले. मायलेजवाले प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, रागवू नका.

भाऊ, मनी गाडीना इंजिनले रंग देवाना शे! १०० सीसीची जुनी गाडी आहे, इंजिनचा सिल्व्हर जागोजागी उडालाय आणि फिन्समध्ये (इंजिनच्या बाहेरच्या पात्यांत) माती-ऑइल जाम झालंय. इंजिन न उतरवता घरीच स्प्रे मारला तर चालेल का? हार्डवेअरच्या दुकानातला साधा सिल्व्हर चालेल का?
– एक वाचक, पारोळा

इंजिन उतरवू नका, गाडीवरच मस्त होतं. पण दादा, रंग मारायचं काम अर्ध्या तासाचं आणि त्याच्या आधीची साफसफाई दोन दिवसांची, आणि लोक नेमकं उलटं करतात म्हणून रंग सहा महिन्यांत पापुद्रे होऊन निघतो.

आधी बघा कुठे ऑइल झिरपतंय का. हेडचं पॅकिंग किंवा मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग ओलं असेल तर ते आधी बदला, ओल्या जागेवर जगातला कुठलाच रंग टिकत नाही. मग गाडी पूर्ण थंड झाल्यावर फिन्समधली सुकलेली माती बांबूच्या काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका कारण फिनचा कोपरा तुटला की गेला. त्यानंतर ब्रशने डिझेल लावून अर्धा तास तसंच सोडा (रॉकेल आता मिळतंय कुठे, आणि पेट्रोलने धुवायचं तर मनातही आणू नका, एक ठिणगी पुरते). मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा एअर फिल्टरवर आणि वायरींवर जाऊ देऊ नका, फिल्टरच्या तोंडावर आणि सायलेन्सरच्या शेपटीवर प्लास्टिकची पिशवी बांधा.

सुकल्यावर जो जुना रंग सुटलाय तो पूर्ण काढा, जो घट्ट आहे तो फक्त ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, तिथे धातूपर्यंत जायची गरज नाही. ब्रश नायलॉनचा घ्या. लोखंडी वायर ब्रशचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके येतात, मग लोक म्हणतात ॲल्युमिनियमला गंज कसा आला! शेवटी कपड्याने थिनर फिरवा आणि त्यानंतर हात लावू नका, बोटाचं तेलसुद्धा पुरतं रंग सोडायला.

मग झाकाझाकी. रबरी पाईप, ब्रीदर, कार्बोरेटर, प्लगची टोपी, ऑइलची कांडी, वायरींचे जोड सगळं टेप आणि पेपरने झाका, वेड्यावाकड्या जागी पोळ्या गुंडाळायचा फॉइल कागद फार छान बसतो. इंजिनला जिथे अर्थिंगची वायर बोल्टने आवळलेली असते ती जागा तर अजिबात रंगवू नका, नाहीतर सेल्फ आणि हॉर्नचे नखरे सुरू होतात आणि मेकॅनिक दिवसभर बॅटरी तपासत बसतो.

रंग कोणता? साधा सिल्व्हर नको. तो उष्णतेने भाजतो आणि मग हात लावला की बोटावर भुकटी येते. डब्यावर हीट रेझिस्टंट लिहिलेला इंजिन पेंट घ्या आणि आकडा नीट वाचा, कारण कितीतरी डब्यांवर आकडा फॅरनहाइटमध्ये असतो. ५०० फॅरनहाइट म्हणजे २६० सेल्सियस, बोर (म्हणजे सिलिंडर) आणि कव्हरला तेवढा बास होतो. बेंड पाईप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा) आणि सायलेन्सरला मात्र १२०० फॅरनहाइटवाला लागतो, म्हणजे साधारण ६५० सेल्सियस. इंजिनचा डबा बेंड पाईपला मारला की पहिल्याच फेरीत जळून जाईल. उघड्या ॲल्युमिनियमवर रंग धरत नाही म्हणून कव्हर आणि चेंबरला (इंजिनच्या खालच्या खोक्याला) आधी एच (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला पकड देणाऱ्या अस्तराचा, पातळ हात द्या, पण हेडला जिथून बेंड पाईप निघतो तिथे साधा प्रायमर नको, डब्यावर प्रायमर सांगितला असेल तर तेवढ्याच तापमानाचा घ्या.

वीसएक सेंटिमीटर लांबून पातळ पातळ तीन हात मारा, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबा. फिन्समध्ये वरून, खालून, तिरपं असं फिरवा म्हणजे खोलात जाईल. एकाच हातात झाकायला गेलात तर ओघळ येणारच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. आपल्याकडे ह्या दिवसांत दुपारी पारा ४२-४३ च्या पुढे जातो, त्यात स्प्रे मारला तर रंग हवेतच सुकतो आणि इंजिनवर पावडरसारखा बसतो, हात फिरवला तर खरखर लागते. सकाळी साडेसहा-सातला, वारा सुटायच्या आत, सावलीत उरका. पावसाळ्यात उलटी भानगड होते, हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढरट झाक येते. खरं विचाराल तर दिवाळीनंतरचे दिवस ह्या कामाला सगळ्यात चांगले, पण आखाजीला माहेरवाशीण येणार म्हणजे गाडी आत्ताच पाहिजे, समजतंय.

एक दिवस सुकू द्या, मग गाडी उभ्या उभ्या दहा मिनिटं चालू करून पूर्ण थंड करा, मग वीस मिनिटं, परत थंड, मग जरा जास्त. थोडा धूर आणि वास येईल, घाबरू नका, रंग भाजून पक्का होतोय. हे गोठ्यात किंवा बंद खोलीत करू नका, मोकळ्या जागेत करा.

केळीच्या शेतात जायला एकच गाडी आहे, तिच्यावरच खताच्या गोण्या आणि फवारणीचं औषध नेतो. चेंबरला खालून पांढरी भुकटी येते, खरवडली की खड्डे दिसतात. रंग दिला की थांबेल का?
– शेतकरी वाचक, रावेर

नुसता रंग दिला तर थांबणार नाही, रंगाखाली चालू राहील आणि तुम्हाला दिसणारही नाही, ते जास्त वाईट.

ॲल्युमिनियमवर स्वतःचाच एक अतिशय पातळ थर हवेने तयार होतो आणि तोच त्याला वाचवतो. तुम्ही जे पोटॅश नेता त्यात क्लोराईड असतं, ते हा थर फोडतं. आणि निळं कॉपर किंवा मोरचूद-चुन्याचं बोर्डो सांडलं तर त्यातलं तांबं ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं, ओल मिळाली की दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खड्डे पडतात ते ह्याच्यामुळे. युरिया त्यामानाने सोज्वळ, पण तो हवेतली ओल ओढून घेतो आणि जागा ओली ठेवतो.

तर भुकटी नायलॉनच्या ब्रशने आणि पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, खड्ड्यांच्या तळातली पण. भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, त्याच दिवशी एच प्रायमर आणि वर रंग. खड्डे भरायला बॉडीवाल्यांची पुट्टी वापरू नका, इंजिनच्या गरमीने ती तडकून निघते. ऑइल काढायच्या बोल्टजवळ किंवा इंजिन फ्रेमला जिथे आवळतात तिथे खोल खड्डा असेल तर आधी ॲल्युमिनियम वेल्डिंगवाल्याला दाखवा, रंगाचं नंतर बघू.

पुढे काळजी एवढीच की फवारणीच्या दिवशी संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर साध्या पाण्याची एक बादली खालून मारायची. आणि औषधाचा डबा टाकीवर ठेवून दोन पायांत धरून नेणं बंद करा, तो हिंदकळून नेमका इंजिनवरच सांडतो. इंजिनचं सोडा, तुमच्या पायांसाठीही ते बरं नाही.

जुनी बुलेट आहे, बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) बोरवाली. साईड कव्हर आरशासारखी करायचीत. बफिंगवाला दोन आठवडे मागतोय, घरी होईल का?
– एक वाचक, धुळे

होईल, पण हात दुखतील. बोर बिडाचा म्हणजे त्याला गंज येणारच, त्याला रंगच द्या, चमक फक्त ॲल्युमिनियमच्या कव्हरांना.

कव्हर उतरवून घ्या, नवीन पॅकिंग आधीच आणून ठेवा. जुनं लॅकर (पारदर्शक थर) असेल तर पेंट रिमूव्हरने काढा, हातात जाड रबरी मोजे, आणि अंगणात. मग पाण्यात साबणाचा थेंब टाकून ओला पेपर चालवायचा. खोल ओरखडे असतील तर २२० पासून, नसतील तर ३२० पासून सुरू करून ४००, ६००, ८००, १०००, १५००, जमलं तर २०००. खरी गोम अशी की प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, ४०० आडवा मारला तर ६०० उभा, आणि आधीच्या नंबरची एकही रेघ दिसत असेपर्यंत पुढे जायचं नाही. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. ४०० वरून एकदम १००० वर उडी मारतात आणि मग बफिंगनंतर उन्हात कव्हर बघितलं की आतून रेघाच रेघा, आणि मग परत पहिल्यापासून. एका कव्हरला एक अख्खी संध्याकाळ धरून चला.

मग ड्रिलला किंवा ग्राइंडरला कापडी बफ लावा. आधी पॉलिशची तपकिरी वडी, ती कापते, मग दुसऱ्या स्वच्छ बफवर पांढरी, ती चमकवते, दोन वड्या एका बफवर मिसळू नका. चाक वरून तुमच्याकडे फिरतंय असं ठेवा आणि कव्हर चाकाच्या मध्याच्या खाली धरा, म्हणजे निसटलं तर तुमच्यापासून लांब जाईल, छातीवर येणार नाही. कडा चाकाच्या तोंडावर धरली की ते कव्हर ओढून भिरकावतं. डोळ्याला चष्मा, नाकाला मास्क, आणि गमछा-उपरणं गळ्यातून काढून ठेवा. लोखंड घासलेल्या ग्राइंडरवर लगेच ॲल्युमिनियम घेऊ नका, आधी धूळ झाडा, ॲल्युमिनियमची बारीक धूळ ठिणगीने पेट घेऊ शकते.

वरून क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारायचा मोह होईल. माझं मत स्पष्ट आहे, मारू नका. गरमीने तो पिवळा पडतो, कडेने ओल शिरते आणि खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरतात, मग सगळं काढून परत पेपर. उघडंच ठेवा आणि अधूनमधून मेटल पॉलिश सुती फडक्याने फिरवा. कोकणातली खारी हवा असती तर मी रंगच सांगितला असता, पण आपल्याकडे हवा वर्षातले सात-आठ महिने कोरडी, धुळ्यात चमक बऱ्यापैकी टिकते. पावसाळ्यात जास्त फिरवावं लागेल एवढंच.

काळा रंग दिला तर आपल्याकडच्या उन्हात इंजिन जास्त तापेल का?
– एक वाचक, अमळनेर

नाही. गाडी उन्हात उभी असेल तेव्हा काळा भाग जास्त गरम लागेल, पण चालू इंजिन त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असतं, तिथे उन्हाचं काही चालत नाही. उलट काळा पृष्ठभाग उष्णता बाहेर फेकायला चांगला, घासून चकचकीत केलेलं ॲल्युमिनियम ह्यात सगळ्यात मागे. पण चालत्या गाडीचं इंजिन मुख्यतः फिन्सवरून जाणाऱ्या वाऱ्याने गार होतं, त्यामुळे रंगाने जो फरक पडतो तो तुम्हाला कळणारही नाही. फरक पडतो जाड थराने. जुन्या रंगावर रंग चढवत गेलात, किंवा फिन्सच्या मधली काळी माती तशीच ठेवली, तर इंजिन खरंच तापेल. आवडत असेल तर बिनधास्त काळा मारा.

मित्र म्हणतो कॉस्टिक सोडा किंवा संडासचं ॲसिड लावलं की इंजिन दोन मिनिटांत पांढरं शुभ्र होतं. खरंय का?
– कॉलेजचा विद्यार्थी, चोपडा

पांढरं होतं हे खरं, कारण धातूच विरघळतो. कॉस्टिक ॲल्युमिनियमवर पडलं की फसफसतं, तो हायड्रोजन गॅस असतो, पेट घेणारा. ॲसिडने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यात परत दुप्पट घाण बसते. शिवाय दोन्हीतलं काही डोळ्यात उडालं तर आयुष्यभराचं नुकसान. डिझेल, साबण आणि अंगमेहनत, मित्राला पण सांग.

इंजिन नंबरवर रंग गेला तर आरटीओचा त्रास होतो का?
– एक वाचक, शहादा

नंबरवर टेप लावा आणि मगच रंग मारा. गाडी नावावर करताना नंबरची पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) मागू शकतात, जाड रंगात आकडे बुजले की ती उठत नाही. चुकून गेलाच तर थिनरच्या फडक्याने हळू काढा. पण तिथे पेपर किंवा ब्रश अजिबात चालवायचा नाही, घासलेला नंबर दिसला की खाडाखोड केल्याचा संशय येतो आणि गाडी चोरीची नाही हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. आरसीवर जो रंग लिहिलेला असतो तो गाडीचा, इंजिनचा नाही, तेव्हा इंजिन कुठल्याही रंगाचं करा.

आमच्या ह्यांनी इंजिनच्या कव्हराला रंग दिलाय आणि आता पक्का करायला माझ्या केकच्या ओव्हनमध्ये ठेवतो म्हणतात. ठेवू देऊ का?
– एक वाचक ताई, भुसावळ

ताई, ओव्हनला कुलूप लावा. रंग तापला की त्यातून थिनरची वाफ निघते, बंद ओव्हनमध्ये ती पेटू शकते, आणि तो वास नंतर प्रत्येक केकला येईल, पोटात जाईल ते वेगळंच. कव्हर गाडीवर बसवून, वर पारोळ्याच्या दादांना सांगितलं तसं इंजिनच्याच गरमीवर भाजू द्या. नाहीच ऐकलं तर एखादा भंगारातला जुना ओव्हन आणून अंगणात ठेवा म्हणावं, पण मग त्यात पुन्हा कधी खायचं काही ठेवायचं नाही.