ओव्याचं फूल आणि नातवाचा घसा

प्रश्न : आमच्याकडे ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर बाटलीत एकत्र करून घरीच अमृतधारा बनवतात. नातू ९ वर्षांचा आहे. दोन दिवस घसा दुखतोय, तापही आहे. ओव्यातला थायमॉल घशातले जंतू मारतो, असं वाचलं. अमृतधारेचे दोन थेंब पाण्यातून दिले तर अँटिबायोटिक टळेल का? – एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, वाचलंत ते खरं आहे. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलचेच खडे. जंतूच्या अंगावरचा पातळ पडदा थायमॉलमुळे फुटतो, आतलं सगळं बाहेर झिरपतं आणि जंतू मरतो. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकसही प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत असाच मरतो. पण बशीत तो तासन् तास थायमॉलमध्ये बुडालेला असतो. नातवाच्या घशात तो टॉन्सिलच्या खळग्यांत दडलाय. गुळणी वरून क्षणभर फिरते, उरलंसुरलं लाळेबरोबर पोटात जातं.

अमृतधारा त्याला अजिबात पाजू नका, अगदी हात जोडून सांगते. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. ती बाटली आजच वरच्या फळीवर ठेवा.

माझ्याकडे ११ वर्षांची एक मुलगी आली होती. आई म्हणाली, घसा काढ्यानंच बरा झाला. झालाही असेल, स्ट्रेप्टोकॉकसचा घसा चार-पाच दिवसांत आपला आपणच उतरतो. तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला, तो उतरतोय तोच डावा घोटा. छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याच पोटात गोळा आला. घशातल्या त्या स्ट्रेप्टोकॉकसवर वेळीच औषध न मिळाल्यानं पुढे सांधे सुजले आणि हृदयाच्या झडपेला इजा झाली होती. आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं.

म्हणून टॉर्च लावून नातवाचा घसा बघा. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा विषाणूचा घसा. त्याला अँटिबायोटिक लागतच नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरतात. पण खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतायत, जबड्याखाली दुखऱ्या गाठी लागतायत, तर आजच डॉक्टरांकडे न्या आणि घशाच्या स्वॅबबद्दल विचारा. स्ट्रेप्टोकॉकस निघाला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण १० दिवस. तिसऱ्या दिवशी तो अंगणात खेळायला लागेल, तरी उरलेल्या गोळ्या चुकवू नका.